मेंदूने आधीच ठरवलं असेल तर?

‘सगळं आधीच ठरलेलं असेल, तर धडपड कशाला करायची?’ हा प्रश्न माझ्याकडे अनेक वेषांत येतो. कुणी प्रारब्ध म्हणतं, कुणी जीन्स, कुणी नुसतंच ‘स्वभावाला औषध नाही’. हल्ली मेंदूविज्ञानाचाही दाखला असतो.

मुलावर सतत ओरडणारे एक गृहस्थ समुपदेशनासाठी आले होते. “वडील असेच होते, आजोबाही. आणि मेंदू आधी ठरवतो, आपल्याला मागून कळतं, हे आता सिद्धच झालंय ना?”

त्यांचा रोख मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३च्या प्रयोगाकडे होता. वाटेल तेव्हा मनगट हलवा, असं लोकांना सांगितलं होतं. हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद, म्हणजे साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूतला विद्युत-चढ सुरू झाला. इच्छा जाणवली ती सुमारे २०० मिलिसेकंद आधी. हा चढ म्हणजे निर्णयच, हे मात्र मेंदूसंशोधक आरोन शुर्गर यांच्या २०१२च्या कामानंतर ठामपणे म्हणता येत नाही. पण मी वाद घातला नाही.

“इथली वेळ कधी घेतलीत?”

“अकरा दिवसांपूर्वी. त्याआधी दोनदा फोन हातात घेऊन ठेवून दिला. मग बायको म्हणाली, तुमची चाहूल लागली की मुलगा टीव्ही बंद करून आत पळतो. तेव्हा केला.”

“यातला अर्धा सेकंद कुठला?”

ते हसले, पण हटले नाहीत. “तरी कारण होतंच की. ती बोलली म्हणून आलो.”

“होतंच. कारणाशिवाय आला असतात, तर मला जास्त काळजी वाटली असती.”

इथे गाठ सुटली. मुळात स्वातंत्र्य म्हणजे कारणांपासून सुटका, अशी आपली समजूत असते. पण कारणच नसेल तर बदलायचं काय आणि कुठून? बुद्धीही कार्यकारणाच्या साखळीतलीच एक कडी आहे. फक्त तिला बाकीच्या कड्या दिसतात, आणि दिसलेली कडी पुढच्या खेपेला वेगळी जोडता येते. ‘बुद्धिः कर्मानुसारिणी’, म्हणजे बुद्धी कर्मामागून चालते, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, मग बुद्धीने केलेलं कर्म कुठे गेलं?

त्या गृहस्थांना १४ दिवसांची वही दिली. रकाने चारच: वेळ, आधीचा अर्धा तास, मनात आलेलं वाक्य, प्रत्यक्ष कृती. लिहायचं त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी लिहिलं की आपण स्वतःची बाजू मांडू लागतो. नऊ नोंदींपैकी सात घरी आल्यावरच्या पहिल्या वीस मिनिटांतल्या निघाल्या. वाक्य बहुतेक वेळा एकच: ‘हा मुद्दाम करतो.’ आजोबा एकाही रकान्यात नव्हते! घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा विचार भावना घडवतो, असं मानणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीकडे माझा ओढा आहे, त्यामुळे या तिसऱ्या रकान्यावर माझा भर जास्त असतो.

‘यापुढे चिडणार नाही’ हा संकल्प टिकत नाही, कारण त्यात ना वेळ असते ना कृती. त्याऐवजी मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अभ्यासलेलं ‘जर-तर’ वाक्य घ्यावं. एका वेळी एकच. ‘जर’मध्ये डोळ्यांना दिसणारी खूण हवी, ‘तर’मध्ये करायची गोष्ट, टाळायची नव्हे. ‘राग आला तर’ ही खूण कुचकामी, कारण राग ओळखेपर्यंत आवाज चढलेला असतो.

त्यांनी लिहिलं होतं, ‘घरी पोचलो, तर आधी दहा मिनिटं आतल्या खोलीत एकटा बसेन.’ पहिल्या आठवड्यात ते चारदा विसरले. घरी पोचणं नेमकं कुठल्या क्षणाला म्हणायचं, हेच ठरलेलं नव्हतं. पुढच्या भेटीत ‘घरी पोचलो’ खोडून त्यांनी वर लिहिलं, ‘बूट काढायला वाकलो’.