पहिल्यांदाच परदेशी जाताना फोनमध्ये कोणती अ‍ॅप्स घ्यावीत?

तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच परदेशी निघालाय, सोबत कोणी नाही, आणि जो तो वेगवेगळ्या अ‍ॅप्सची नावं सांगतोय. त्यातली नेमकी कोणती घ्यावीत? मला कामानिमित्त बाहेर जावं लागतं, आणि पहिल्यांदा निघालेल्या नातेवाइकांचे, मित्रांचे फोनही मी शेजारी बसून तयार करून दिले आहेत. त्यावरून सांगतो: विमानातून उतरल्यानंतरचा पहिला तास डोळ्यांसमोर ठेवा आणि त्या तासात कामाला येतील तीच अ‍ॅप्स आधी घ्या. बाकीची हॉटेलच्या खोलीत बसून घेता येतात.

त्या तासात नेट बहुधा नसतं, ओटीपी येईलच याचा भरवसा नसतो, आणि नेमकी तेव्हाच माहिती सगळ्यात जास्त लागते. इमिग्रेशनचा अधिकारी राहण्याचा पत्ता विचारतो, बाहेर पडलं की वाहन शोधायचं असतं, घरी पोहोचल्याचं कळवायचं असतं. विमानतळाच्या मोफत वायफायवर विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी ते सुरू करायलाच मोबाइलवर आलेला कोड मागतात.

म्हणून पहिलं काम नेटचं. तुमचा फोन अलीकडच्या काळातला असेल तर त्यात ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच बसवायचं सिम, चालत असण्याची शक्यता आहे. डायल करायच्या जागी *#०६# दाबा. यादीत ईआयडी असा लांबलचक आकडा दिसला तर ई-सिमची सोय आहे असं समजायला हरकत नाही. मात्र फोन एखाद्याच कंपनीच्या सिमला बांधलेला नसावा. एअरालो, होलाफ्लाय अशा अ‍ॅप्सवरून त्या देशाचं डेटा पॅक घेता येतं. ते घरीच, चांगल्या वायफायवर बसवून ठेवा, कारण ई-सिम बसवायलाही नेट लागतं. उतरल्यावर फक्त चालू करायचं. एकदा बसवलेलं ई-सिम फोनमधून काढून टाकू नका. बऱ्याचदा ते पुन्हा बसवता येत नाही.

ही पॅक बहुतेक करून फक्त डेटाची असतात, त्यांच्यासोबत फोन नंबर मिळत नाही. तेव्हा तुमचं नेहमीचं सिम फोनमध्येच राहू द्या, त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि बँकेचे ओटीपी यावेत म्हणून निघण्याआधी कंपनीकडून एसएमएससाठी रोमिंग सुरू करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालत राहतं. नवीन सिम घातल्यावर ते नंबर बदलायचा का असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा.

आता नकाशा. गूगल मॅप्स तुमच्याकडे असेलच, पण तो नेटशिवाय चालेल अशी तयारी फार कमी जण करतात. तुमच्या प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारा, ऑफलाइन नकाशांमध्ये जा आणि शहराचा भाग निवडून फोनमध्ये उतरवून (डाउनलोड करून) घ्या. फोनचं जीपीएस थेट उपग्रहांकडून संकेत घेतं, त्यामुळे नेट नसतानाही तुम्ही कुठे उभे आहात तो निळा ठिपका दिसतो. नेट नसेल तर ठिपका जागेवर यायला जरा वेळ लागतो, घाबरू नका. एक मर्यादा मात्र आधीच ठाऊक असू द्या: गूगलचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो; चालत जायचा रस्ता किंवा बस-मेट्रोची माहिती त्यात मिळत नाही. नवख्या प्रवाशाला तर नेमकी चालायच्याच रस्त्याची गरज असते. त्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स हे अ‍ॅप घ्या. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर ते चालतं, मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि नेट नसताना गल्लीबोळातून चालत न्यायला त्याच्याइतकं भरवशाचं मला दुसरं सापडलेलं नाही. हॉटेल, विमानतळ, तुमच्या देशाचा दूतावास, या जागा दोन्ही नकाशांवर खूण करून ठेवा.

भाषांतरासाठी गूगल ट्रान्सलेट पुरेसं आहे. त्यातही त्या देशाची भाषा वेगळी उतरवून घ्यावी लागते, आणि ते घरूनच करायचं. फलकावर किंवा मेन्यूकार्डावर कॅमेरा धरला की अर्थ दिसतो, हे सगळ्यात जास्त वापराल. बोलून भाषांतर करताना वाक्य छोटं आणि पूर्ण ठेवा, आणि महत्त्वाची गोष्ट असेल तर आलेलं भाषांतर उलट फिरवून तपासा. तुम्हाला कशाची अ‍ॅलर्जी असेल, कुठलं औषध चालू असेल, तर ती वाक्यं आधीच भाषांतर करून जपून ठेवा. औषधाचं नाव कंपनीचं नको, त्यातल्या मूळ घटकाचं लिहा. तेही देशागणिक बदलू शकतं: आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो ते अमेरिकेत आणि जपानमध्ये अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने मिळतं. औषधाच्या दुकानात ताप अंगावर घेऊन उभं राहिल्यावर हे शोधत बसायची वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

यापुढची अ‍ॅप्स कुठल्या देशात जाताय त्यावर ठरतात, आणि माझ्या अनुभवात लोक सगळ्यात जास्त इथेच अडतात. घरी रोज वापरतो ते अ‍ॅप जगभर चालत असणार, असं आपण गृहीत धरतो. टॅक्सीसाठी उबर बऱ्याच देशांत आहे, पण २०१८ मध्ये त्यांनी आग्नेय आशियातला व्यवसाय ग्रॅब या कंपनीला देऊन टाकला. त्यामुळे सिंगापूर, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया या देशांत ग्रॅब हवं. चीनमध्ये दीदी. युरोपातल्या आणि आफ्रिकेतल्या अनेक शहरांत बोल्ट. काही आखाती देशांत करीम. यांत नाव नोंदवताना मोबाइलवर कोड येतो, म्हणून नोंदणी तुमचा नंबर हमखास चालतो तिथूनच, म्हणजे घरून करा. कार्डही तेव्हाच जोडून बघा. नाही जोडलं गेलं तर रोख द्यायची सोय आहे का ते पाहून ठेवा. विमानतळाबाहेर अंगावर येणाऱ्या टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करण्यापेक्षा भाडं आधी दाखवणारं अ‍ॅप नवख्या माणसासाठी केव्हाही बरं, आणि गाडीत बसण्यापूर्वी नंबरप्लेट अ‍ॅपमधल्या नंबरशी जुळवून बघायची सवय लावून घ्या.

चीनला निघाला असाल तर तयारी वेगळीच लागते. तिथे गूगलची अ‍ॅप्स आणि व्हॉट्सअ‍ॅप स्थानिक नेटवर चालत नाहीत. दुसऱ्या देशातल्या सिमच्या रोमिंगवर ती बहुधा चालतात, कारण तो डेटा मूळ कंपनीच्या मार्गाने जातो. हॉटेलच्या वायफायवर गेलात की पुन्हा बंद. पैसे देण्यासाठी अलीपे किंवा वीचॅट घ्या. दोन्हींत परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, आणि पासपोर्टची पडताळणी मागितली तर ती निघण्याआधीच उरकलेली बरी. दक्षिण कोरियाने तपशीलवार नकाशांचा डेटा देशाबाहेर नेण्यावर अनेक वर्षं निर्बंध ठेवले, त्यामुळे तिथे गूगल मॅप्स लंगडा पडत आला आहे. नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप घ्या. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, पण कॉल लागत नाहीत. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे फोन लागला नाही म्हणून कोणी रात्रभर जागणार नाही.

रेल्वे-मेट्रोसाठी त्या देशाच्या रेल्वेचं स्वतःचं अ‍ॅप असेल तर तेच घ्यावं या मताचा मी आहे. जर्मनीत डीबी नेव्हिगेटर, स्वित्झर्लंडमध्ये एसबीबी मोबाइल. गाडी उशिरा आहे किंवा फलाट बदललाय, हे तिथे थेट कळतं. मोठ्या शहरांतल्या मेट्रो-बसच्या जोडणीसाठी सिटीमॅपर फार चांगलं आहे, पण ते ठरावीक शहरांपुरतंच. जपानमध्ये रेल्वे-मेट्रोचं भाडं भरायचं सुइका कार्ड आयफोनच्या वॉलेटमध्ये घेता येतं. अँड्रॉइड फोन जपानबाहेर घेतलेला असेल तर मात्र सहसा ते चालत नाही, तेव्हा हातात धरायचं कार्डच घ्या. लंडनच्या मेट्रोला तर अ‍ॅपच लागत नाही, दारावर बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. फक्त आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन असं करू नका. दोन्हींत तेच कार्ड असलं तरी यंत्र त्यांना वेगवेगळे प्रवासी धरतं आणि जास्त पैसे कापले जातात.

पैशांसाठी एक्सई हे चलनाचं अ‍ॅप ठेवा. शेवटचे दर त्यात साठलेले राहतात, म्हणजे नेट नसतानाही किमतीचा अंदाज येतो. कार्डाच्या यंत्रावर स्थानिक चलनात की तुमच्या चलनात असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा. दुसऱ्या पर्यायात दुकानाकडच्या यंत्रणेचा दर लागतो आणि तो जवळपास नेहमीच महाग पडतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बऱ्याच देशांनी आता प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन केला आहे. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आहे, थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सुरू केलं. हे दोन्ही अर्ज मोफत आहेत आणि पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असतात. पण नेटवर शोधलं की हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट आणि अ‍ॅप्स पैसे मागतात आणि वर तुमच्या पासपोर्टची माहितीही घेतात. त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या किंवा दूतावासाच्या संकेतस्थळावर जा आणि तिथे जो दुवा दिलाय तोच उघडा. अर्ज झाल्यावर त्याचा, बोर्डिंग पासचा आणि हॉटेलच्या पत्त्याचा स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉटला ना नेट लागतं ना लॉगिन.

तातडीच्या वेळेचंही बघून ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीची माहिती भरायची जागा असते. रक्तगट, आजार, घरचा नंबर तिथे लिहिलात तर फोन कुलूपबंद असतानाही दुसऱ्याला ते वाचता येतं. युरोपीय संघात कुठेही ११२ लागतो. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. भूकंपाची सूचना इंग्रजीत देणारं सेफ्टी टिप्स हे अ‍ॅपही तिथे जाणाऱ्यांनी जरूर घ्यावं.

राहता राहिला फोनच हरवण्याचा प्रश्न. फोन शोधायची सोय चालू आहे ना ते बघा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून तुमच्या खात्यात शिरून एकदा प्रत्यक्ष करून पाहा. बरेच जण इथेच अडकतात, कारण दुसऱ्या फोनवरून लॉगिन करताना खातं जो कोड मागतं तो हरवलेल्या फोनवरच जातो. गूगल खात्यात यासाठी बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर उतरवून पासपोर्टपासून वेगळे, दुसऱ्या पिशवीत ठेवा. त्याच कागदावर हॉटेलचं नाव आणि पत्ता स्थानिक लिपीत, घरचे दोन नंबर, आणि कार्ड बंद करण्यासाठी बँकेचा परदेशातून लागणारा नंबर लिहा. टोल-फ्री नंबर बाहेरून सहसा लागत नाहीत, त्यामुळे देशाच्या कोडसकट असलेला नंबर बँकेकडून आधीच मागून घ्या.