फुंकलेल्या हवेचे लिटर यंत्र कसे काढते?

प्रश्न : माझ्या वडिलांनी सांगलीच्या मार्केट यार्डात तीस वर्षे हळदीच्या पोत्यांची हमाली केली. आता त्यांचे वय ६४ असून जिना चढताना त्यांना दम लागतो. एका दवाखान्यात फुंकण्याची तपासणी (स्पायरोमेट्री) केली तेव्हा एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) हा आकडा १.६८ लिटर आणि एफव्हीसी (बाहेर पडलेली एकूण हवा) २.८० लिटर आला. तीन आठवड्यांनी मिरजेत दुसऱ्या ठिकाणी हेच आकडे १.९२ आणि ३.१५ असे आले. यंत्रात हवा साठवायला ना भाता होता, ना टाकी. फुंकलेली हवा नळीतून सरळ बाहेर जात होती. मग लिटर मोजले कसे, आणि यातला खरा रिपोर्ट कोणता?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. हे यंत्र हवेचे लिटर मोजत नाही, ते हिशेबाने काढते. १८४६ साली जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी दोन हजारांहून अधिक लोकांच्या श्वासाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांच्या यंत्रात पाण्यात उपडे ठेवलेले भांडे फुंकलेल्या हवेने वर उचलले जाई आणि ते किती उचलले गेले यावरून घनफळ थेट वाचता येई. आजच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राची रीत मात्र आपल्या भागातील उसाच्या शेतकऱ्याला सहज कळेल अशी आहे. विहिरीवरच्या मोटारीने रात्रभरात किती पाणी दिले हे कोणी टाक्या भरून मोजत नाही. सेकंदाला किती लिटर पडते आणि मोटार किती वेळ चालली, एवढे कळले की पुरते. फरक इतकाच, की श्वासाचा प्रवाह क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून यंत्र तो सेकंदाला शंभर किंवा अधिक वेळा टिपते आणि त्या सगळ्या बारीक तुकड्यांची बेरीज करते.

प्रवाह टिपण्याच्या पद्धती अनेक आहेत. आल्फ्रेड फ्लाइश यांनी १९२५ साली मांडलेल्या पद्धतीत हवा बारीक नळ्यांच्या जुडग्यातून जाते. त्यामुळे अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात किंचित फरक पडतो, आणि प्रवाह जितका जास्त तितका हा फरकही जास्त असतो. काही यंत्रांत फुंकरीने लहानसे पाते फिरते व त्याच्या प्रत्येक फेऱ्यात एक अदृश्य किरण खंडित होतो. त्या खंडांची मोजणी होते. काहींमध्ये कानाला न ऐकू येणारा ध्वनी नळीतून आरपार पाठवतात आणि हवेच्या दिशेने व तिच्या विरुद्ध जाताना त्याला लागलेल्या वेळांतील फरकावरून वेग काढतात.

बेरजेच्या या पद्धतीतच तिची कमजोरीही आहे. समजा, कोणी फुंकत नसताना यंत्राला सेकंदाला ०.०२ लिटर प्रवाह ‘दिसतो’ आहे. शून्य ठरवताना डोक्यावर पंखा चालू असणे एवढे कारणही त्याला पुरते. पहिल्या सेकंदात ही चूक २० मिलिलिटरची असते. आठ सेकंद फुंकले की ती १६० मिलिलिटर होते. म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, जिला एफईव्ही-१ म्हणतात, ती जवळजवळ बरोबर येते; जोराने फुंकून बाहेर पडलेली एकूण हवा, म्हणजे एफव्हीसी, मात्र फुगते. या दोहोंचे प्रमाण खाली येते आणि श्वासनळ्यांत नसलेला अडथळा कागदावर उमटू शकतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. फुप्फुसातील हवा ३७ अंशांची व बाष्पाने भरलेली असते. खोलीच्या तापमानाला ती आकसते. म्हणून यंत्र हिशेबात दुरुस्ती करते. २० अंशांना मोजलेले बाष्पयुक्त घनफळ सुमारे १० टक्क्यांनी वाढवावे लागते, तर ३० अंशांना सुमारे साडेचार टक्क्यांनी. यंत्रात भरलेले तापमान खोलीतल्या तापमानाशी जुळत नसेल, तर आकडा तेवढा हलतो. याशिवाय तीन लिटरची सिरिंज नळीला जोडून यंत्राची रोज परीक्षा घ्यायची असते. ती घेतली होती का, हे विचारायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. विचारणारे फार थोडे असतात.

आता तुमचे आकडे. १.६८ ला २.८० ने भागले तर ०.६० येते, १.९२ ला ३.१५ ने भागले तर ०.६१. यंत्र सगळेच सारख्या पटीने कमी किंवा जास्त दाखवत असेल, तर ती चूक या भागाकारात विरून जाते. त्यामुळे लिटर वेगळे असले तरी दोन्ही रिपोर्ट एकच सांगत आहेत. श्वासनळ्या रुंदावणारे औषध ओढल्यानंतरही हे प्रमाण ०.७० च्या खाली राहिले, तर तो कायमचा अडथळा समजला जातो. मात्र दुसऱ्या तपासणीच्या दिवशी सकाळी वडिलांनी या औषधाचा पंप घेतला होता का, हे आठवून पाहा. तसे असेल, तर वाढलेले लिटर औषधाचेही असू शकतात. पंप केव्हा थांबवायचा हे डॉक्टरांनाच विचारा, स्वतः ठरवू नका.

दोन्ही ठिकाणचे आलेख मागून घ्या. आकड्यांपेक्षा मला त्यांचे महत्त्व अधिक वाटते. किमान तीन चांगल्या फुंकरी व्हायला हव्यात आणि त्यांतील सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलिलिटरपेक्षा अधिक अंतर नसावे. मध्येच खोकला आला, ओठांतून हवा निसटली किंवा फुंकर लवकर सोडली, तर आलेख ते लपवत नाही. पुढच्या वेळी शक्यतो एकाच ठिकाणी, त्याच यंत्रावर तपासणी करा.

प्रश्न : माझ्या आईला फुंकताना चक्कर आली, तरी तंत्रज्ञ ‘अजून, अजून’ म्हणत राहिले. इतका जोर लावणे आवश्यक असते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जोर सुरुवातीला लागतो, चिकाटी शेवटी. पहिल्या क्षणाचा झोत ताकदीवर अवलंबून असतो. त्यानंतर कितीही जोर केला तरी प्रवाहाची मर्यादा श्वासनळ्याच ठरवतात. म्हणून हवा पूर्ण संपेपर्यंत फुंकायला लावतात. चक्कर आल्यास थांबून बसवायलाच हवे होते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल, तर ते आधी सांगावे. तपासणी पुढे ढकलता येते.

प्रश्न : करोनानंतर घरात तीन गोळ्यांचे यंत्र पडून आहे. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे आहेत. त्यावर फुप्फुसांची क्षमता कळते का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही. ते आकडे सेकंदाला किती घनसेंटिमीटर हवा आत ओढली जाते त्याचे, म्हणजे प्रवाहाचे आहेत. तिसरी गोळी क्षणभर उचलली गेली म्हणजे १२०० घनसेंटिमीटर हवा आत गेली असे होत नाही. गोळी किती वेळ वर राहिली हेही पाहावे लागते, आणि ती बेरीज करणारे काहीच त्या प्लॅस्टिकच्या डब्यात नसते. व्यायामासाठी ते जरूर वापरा. मात्र त्यात फुंकायचे नसते, श्वास सावकाश आत ओढायचा असतो.