जुन्या मारुती ८०० चं स्टिअरिंग व्हील नट ढिला करूनही निघत नाही, काय करावं?

व्हील हे स्टिअरिंगच्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, बारीक दात्यांवर गंजून बसलंय. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, चाकं सरळ करून शाफ्ट आणि व्हीलवर एकच रेघ मारा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे धरून राहू द्या. नाहीतर व्हील झटक्यात सुटून थेट तोंडावर येतं. दात्यांत गंज सोडवणारं तेल टाकून तासभर थांबा. मग पुलर, म्हणजे व्हील ओढून काढायचं अवजार, लावा. तो ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणता येतो. पुलरचे बोल्ट व्हीलच्या आटेवाल्या भोकांत सारखे खोल बसवा, मधला स्क्रू हळूहळू आवळा. शाफ्टवर हातोडा अजिबात मारू नका: टोक चपटं होऊन नट पुन्हा बसत नाही, शिवाय स्टिअरिंग कॉलमची (शाफ्ट ज्या नळीत फिरतो तिची) बेअरिंगही जाते.