‘घर’ आणि ‘दार’ यांचे यमक जुळते का?

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. ‘यमक जुळणारे शब्द लिहा’ या गृहपाठात तिने ‘घर’ या शब्दापुढे ‘दार’ असे लिहिले आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली. दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘र’च आहे, मग चूक कोठे झाली, हे मला तिला सांगता आले नाही. घरी खेळता खेळता तिला हे कसे शिकवावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : आपल्या मुलीने अक्षर बरोबर पाहिले, फक्त ते ऐकले नाही. ‘घर’ आणि ‘दार’ हे शब्द लिहिताना शेवटचा ‘र’ पूर्ण दिसत असला, तरी बोलताना तो पाय मोडल्यासारखा, म्हणजे ‘घर्’ आणि ‘दार्’ असा उच्चारला जातो, आणि त्यामुळे त्याच्या आधीचा स्वरही जुळावा लागतो. म्हणून ‘घर’शी ‘सर’ आणि ‘कर’ जुळतात, तर ‘दार’शी ‘चार’ आणि ‘फार’. याउलट ‘मिरची’ आणि ‘खुर्ची’ यांतील ‘ची’ स्वरासकट ऐकू येते, त्यामुळे आधीचा स्वर वेगळा असूनही कानाला ती जोडी चालून जाते. ‘देश’ आणि ‘वेष’ यांची शेवटची अक्षरे वेगळी असली, तरी रोजच्या बोलण्यात त्यांचे यमक बिनतक्रार जुळते; आणि ‘राजा’ व ‘ताजा’ या शब्दांत एकच ‘जा’ लिहिला जात असूनही दोन्हींचा उच्चार निराळा आहे, हे मोठ्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. साडेपाच वर्षांच्या मुलीला यातले काहीही समजावून सांगू नका. तिची वही आणि पेन्सिल काही दिवस बाजूला ठेवा, एवढेच पुरे.

माझ्या पाहण्यात सर्वांत रंगणारा खेळ शरीराचे अवयव आणि घरातल्या वस्तू यांचा आहे. एका टोपलीत कांदा, विड्याचे पान, दहा रुपयांची नोट, एखादी शाल आणि रिकामे खोके ठेवावे. आपण ‘पोट’ म्हणायचे आणि मुलीने टोपलीतून ‘नोट’ शोधून पोटावर ठेवायची. मग खांदा–कांदा, गाल–शाल, कान–पान आणि शेवटी डोके–खोके. खोके डोक्यावर चढले की सगळे घर हसते आणि मूल पुन्हा पहिल्यापासून खेळू म्हणते. येथे एक काळजी मात्र घ्यावी. ‘पोटावर नोट ठेव’ असे म्हटले, तर ‘वर’ जोडल्यामुळे शब्दाचे रूप बदलते आणि जुळणारा आवाज मध्येच दडून बसतो. म्हणून आधी ‘पोट’, ‘नोट’ हे शब्द सुटे, सावकाश उच्चारावेत आणि मगच वाक्य बोलावे.

हे जमू लागले की वेगळा शब्द ओळखण्याकडे वळावे. मटार सोलताना किंवा बसची वाट पाहताना ‘पाणी, राणी, वाटी’ असे तीन शब्द सांगून त्यांतला न जुळणारा विचारावा. चार-पाच शब्द सांगितले, तर ते लक्षात ठेवण्यातच मुलाची शक्ती खर्च होते. ऑक्सफर्डमधील ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना असेच शब्द ऐकवून पुढे त्यांच्या वाचनाची प्रगती तपासली होती आणि शब्दांतील आवाज ओळखण्याचा वाचन शिकण्याशी संबंध असल्याचे 1983 मध्ये मांडले होते. तो अभ्यास इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा होता. देवनागरीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात नांदतात, त्यामुळे ते निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावणे मला योग्य वाटत नाही. तथापि शब्दाच्या अर्थावरून लक्ष काढून त्याच्या आवाजाकडे नेण्याची सवय कोणत्याही लिपीत उपयोगीच पडते.

स्वतःहून जुळणारा शब्द सांगणे ही त्यापुढची आणि अधिक अवघड पायरी आहे. मुलीने पुन्हा ‘घर, दार’ म्हटले, तर ‘चूक’ असे न म्हणता ‘घर, दार… घर, सर…’ अशा दोन्ही जोड्या तिला ऐकवाव्यात आणि कोणती जोडी जास्त जुळते, ते तिलाच ठरवू द्यावे. पाच मिनिटांत कंटाळा दिसला, तर खेळ तेथेच थांबवावा.

प्रश्न : माझा चार वर्षांचा नातू दिवसभर ‘पोळी, गोळी, ठोळी, फोळी’ असे काहीतरी जुळवत बसतो. अर्थ नसलेले शब्द बोलण्याची सवय लागेल, म्हणून त्याला रोखावे का?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : मुळीच रोखू नये. आपणही ‘चहाबिहा’ घेतो आणि ‘भांडीबिंडी’ आवरतो. त्यातल्या ‘बिहा’चा आणि ‘बिंडी’चा अर्थ आपल्याला कोणी विचारत नाही. शब्दाचा आरंभ बदलायचा आणि शेवट तसाच ठेवायचा, ही करामत आपल्या नातवाला शिकवल्याशिवाय साधली आहे. त्याने ‘ठोळी’ म्हटले की आपण ‘झोळी’ म्हणावे, ‘फोळी’ म्हटले की ‘टोळी’ म्हणावे, म्हणजे खरे शब्दही आपोआप त्याच्या कानावर पडतील. ‘ठोळी’ म्हणजे काय, हे मात्र त्याला अवश्य विचारा. चार वर्षांच्या मुलाकडे त्याचे उत्तर बहुधा तयार असते.