लवणस्तंभातून जुना पाऊस वाचायचा तर आधी वय पक्कं करा

लवणस्तंभ म्हणजे गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याचे थर साठून वाढलेला खांब. तो कापून झाडाच्या खोडासारखे थर मोजले तर वर्षागणिक पाऊस कळेल का, असा प्रश्न आहे. बहुतेक वेळा नाही. कित्येक नमुन्यांत वार्षिक थर नसतातच. शिवाय थेंब थांबले की वाढही थांबते. मधली शंभर वर्षं गायब असली तरी वर दिसते ती एक पुसट रेघ.

वय काढायचं ते युरेनियम-थोरियम पद्धतीने. युरेनियम पाण्याबरोबर झिरपतं, थोरियम जवळपास विरघळत नाही. ताज्या थरात थोरियम-२३० नसतं, पुढे ते युरेनियमच्या विघटनातून साठत जातं. थोरियम-२३०चं अर्धायु (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे ७५,६०० वर्षं असल्याने साधारण सहा लाख वर्षांपर्यंत मजल जाते.

नमुना ऊर्ध्वमुखी, म्हणजे जमिनीवरून वर वाढलेल्या स्तंभाचा घ्या, मेणबत्तीसारखा सरळ वाढलेला, वारा न खेळणाऱ्या आतल्या दालनातला. उभा स्तंभ तोडू नका. परवानगी काढून आधीच पडलेला उचला. हिरकणीच्या करवतीने वाढीच्या अक्षावर उभा कापा, घासून गुळगुळीत करा. वयासाठी एकाच थरातून ५० ते २०० मिलिग्रॅम भुकटी लागते, तर पावसाचा अंदाज ज्यांवरून बांधतात त्या ऑक्सिजन समस्थानिकांसाठी (वेगळ्या वजनाच्या ऑक्सिजन अणूंसाठी) जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. वाढ वर्षाला ०.०५ मिमी असेल आणि भुकटी दर ०.५ मिमीला घेतली, तर एक आकडा म्हणजे दहा वर्षांची सरासरी. त्यातून एका सालचा दुष्काळ शोधू नये.

घोळ होतो तो मातीमुळे. मातीबरोबर थोरियम-२३० आयतं येतं आणि वय खरं त्याहून जास्त निघतं. म्हणून मातीबरोबरच येणारं थोरियम-२३२ मोजून दुरुस्ती करतात. ते फार असेल तर दुसरा, स्वच्छ थर निवडावा. स्तंभातल्या अ‍ॅरागोनाइट या खनिजाचं कॅल्साइट होताना (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपं) युरेनियम निसटलं, तरी वय फुगतंच. त्यामुळे खनिज कोणतं ते सांगणारी क्ष-किरण विवर्तनाची चाचणी आधी.

ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड समस्थानिक) म्हणजे पर्जन्यमापक नव्हे. भारतात जोरदार मान्सूनला त्याच्या प्रमाणाचं मूल्य सहसा घटतं, पण बाष्प कुठून आलं, वाटेत किती बरसलं, हेही त्यात मिसळलेलं असतं. एकाच थरावर मधून कडेकडे मूल्य चढत गेलं, आणि कार्बन-१३ या जड कार्बनचं मूल्यही सोबत चढलं, तर स्तंभावरच्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड झपाट्याने निसटल्याची शंका घ्या. त्याच गुहेतला दुसरा स्तंभ तेच सांगतो का, ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची कसोटी.

मेघालयातल्या मावम्लूह गुहेचंच पाहा. तिथल्या एका स्तंभावरून २०१८ मध्ये सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू होणाऱ्या 'मेघालयन' या भूशास्त्रीय कालखंडाची सीमा ठरली. त्याच गुहेतल्या इतर स्तंभांच्या बारीक नोंदींत मात्र एकच अखंड दुष्काळ नव्हे, तर काही दशकांचे तुटक कोरडे काळ दिसतात.

महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत असा नमुना शोधत हिंडू नका. तिथला खडक बहुतेक बेसाल्ट (लाव्हारसाचा काळा खडक), चुनखडक नाही. त्यापेक्षा छत्तीसगडमधल्या दंडक गुहेवरचं काम वाचा.