कंसातलं वाक्य

पत्र थोडक्यात असं: "माझं उद्यमबागेत मशीन शॉप आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सेकंड पीयूसीला (बारावीला) ७८ टक्के. सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, दोनदा गेली. तिला सांगून ठेवलंय, तिसऱ्यांदा गेली तर शिक्षण बंद. हल्ली ती ताट घेऊन खोलीत जाते, आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. आता म्हणते, मार्केटिंग एजन्सीत काम करायचंय. या लोकांचा मला अनुभव आहे. महिन्याला १५,००० फी आणि वर जाहिरातीचे ५,०००, असे सहा महिने दिले. एक ऑर्डर आली नाही. (मुलीनं तेव्हाच वहीत लिहिलं होतं की हे लोक भलत्याच माणसांना जाहिरात दाखवतायत. पण तिला काय कळतंय!) असल्या फसव्या धंद्यात मुलीला कशी घालू? त्यात शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कच्चं." – एक पालक, बेळगाव

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एजन्सीबद्दलचा राग भरभरून आलाय, आणि मुलगी ताट घेऊन खोलीत जाते याला जेमतेम एक ओळ. मला काळजी त्या ओळीची वाटते. सीए आणि मार्केटिंगचं नंतर बघू.

"तिसऱ्यांदा गेली तर शिक्षण बंद" हे वाक्य आज रात्रीच मागं घ्या. निकालापर्यंत थांबू नका आणि "बघू पुढं" असं मोघमही बोलू नका. निकाल काही लागो, बी.कॉम. पूर्ण होणार, हे तिला तिच्या आईसमोर स्पष्ट सांगा. धाकानं अभ्यास वाढतो असं तुम्हाला वाटतं. पेपरात काय होतं ते बघा. फाउंडेशनचे चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. शेवटचे दोन पेपर पर्यायी उत्तरांचे, चुकलं की पाव गुण कापला जातो. धास्तावलेलं पोर अशा पेपरात एक तर अंदाजानं ठोकत सुटतं, नाहीतर येत असलेलंही सोडून देतं. दोन्हींत गुण जातात. दोनदा गेलेल्या परीक्षेवर तुम्ही तिसऱ्या वेळी तिचं सगळं शिक्षण टांगलंत. हे बापानं करायचं काम नव्हे.

आणि ज्या दारापाशी तिला उभं केलंय ते एकमेव दारही नाही. बी.कॉम.ला किमान ५५ टक्के मिळाले तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला, म्हणजे सीएच्या पुढच्या टप्प्याला, नाव नोंदवता येतं. म्हणजे उद्या तिलाच सीए व्हावंसं वाटलं तरी रस्ता मोकळा आहे. हे तिला माहीत आहे का, विचारा. जेवण, झोप, मैत्रिणींशी बोलणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. आधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालेल.

आता तुम्ही कंसात घातलेलं वाक्य. सगळ्या पत्रात तेच मला सर्वांत मोलाचं वाटलं. "हे लोक भलत्याच माणसांना जाहिरात दाखवतायत" हे निदान अचूक आहे. तुम्ही पंपाची केसिंग (बाहेरचं कवच) आणि व्हॉल्व्हच्या बॉडीचं मशीनिंग करता. ते काम देणारा माणूस कारखान्याच्या खरेदी विभागात बसतो, कोल्हापुरात, पुण्यात, हुबळीत. तुम्ही लिहिलंय त्यावरून एजन्सीनं फेसबुकवर गणेश चतुर्थीच्या, दसऱ्याच्या शुभेच्छा टाकल्या आणि बेळगावच्या आसपास पंचवीस किलोमीटरात, अठरा ते पासष्ट वयाच्या सगळ्यांना पैसे भरून दाखवल्या, म्हणजे बूस्ट केल्या. अशा बूस्टमध्ये उद्दिष्ट 'लाईक मिळोत' असं ठेवलेलं असलं, तर फेसबुक लाईक करणारी माणसं शोधून देतं. ते त्यानं इमानानं दिलंही. त्यांतला एकही जण केसिंग घेणारा नव्हता. एक लाख वीस हजारांचा हिशोब एवढाच आहे, आणि तो तुमच्या मुलीनं वहीच्या एका ओळीत मांडला होता. तुम्ही वही वाचलीत, पण ओळ सोडून दिलीत.

तुमचा मुख्य गैरसमज असा की एजन्सी म्हणजे अडत्या. मार्केट यार्डात अडत्या माल विकून देतो आणि विकल्यावर अडत घेतो. एजन्सी तसं काही करत नाही. माल कुणाला हवाय, त्याला कोणती गोष्ट सांगितली तर तो फोन उचलेल, ती कुठं आणि किती पैशांत सांगायची, आणि सांगितल्यावर काय झालं, एवढं काम तिचं. फोन आल्यावर बोलणं, ड्रॉइंग मागवणं, भाव देणं, नमुना वेळेत पोचवणं हे मालकाचं. तुम्ही त्यांना सांगितलंत, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." त्यात ना मशीनची यादी, ना किती वजनाचा जॉब घेता येतो ते, ना कुठला धातू, ना सध्याचे ग्राहक. एवढ्या माहितीवर कुठलीही एजन्सी सणांच्या शुभेच्छाच करू शकते, कारण त्याला काही माहिती लागत नाही. चांगल्या एजन्सीनं पहिल्या भेटीतच तुम्हाला दोन तास प्रश्न विचारले असते आणि उत्तरं मिळाली नाहीत तर काम घेतलं नसतं. म्हणून दोष त्यांचा आहे, आणि थोडा तुमचाही.

एजन्सीच्या आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे मुलगी काय मागतेय ते कळेल. क्लायंट सर्व्हिसिंगच्या माणसानं ग्राहकाकडून माहिती काढायची आणि ती कागदावर आणायची. त्या कागदाला ब्रीफ म्हणतात. मग प्लॅनर ठरवतो की बोलायचं कुणाशी. कॉपीरायटर शब्द लिहितो, डिझायनर चित्र मांडतो. मीडियाचा माणूस पैसे कुठं घालायचे ते ठरवतो: वर्तमानपत्रात किती कॉलम सेंटीमीटर, होर्डिंग कुठल्या चौकात किती महिने, गुगलवर रोजचे किती रुपये. वर्तमानपत्राला रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापायची लेखी ऑर्डर, जाते, जाहिरात छापून आल्यावर पुरावा म्हणून त्या अंकाची प्रत, म्हणजे व्हाउचर कॉपी, येते, ती ऑर्डरशी ताडून मगच बिल. मान्यताप्राप्त एजन्सीला वर्तमानपत्रांकडून रूढीनं १५ टक्के कमिशन मिळतं. बाकी कामाला महिन्याची ठरीव फी, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बेळगावसारख्या गावात ही सगळी कामं चार-पाच माणसांत वाटलेली असतात. म्हणजे शिकायला भरपूर, आणि दमणूकही तितकीच. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात ग्राहक रात्री दहाला मंजुरी देतो आणि सकाळी जाहिरात हवी म्हणतो. सुरुवातीचा पगार कमीच असतो. हे तिला आधीच माहीत असावं.

ज्याला आकडे कळतात त्याची या धंद्यात चणचण असते, हे मात्र मी ठामपणे सांगेन. सुंदर पोस्टर करणारे पुष्कळ मिळतात. या महिन्यात चाळीस फोन आले, त्यांतले किती खरे, एका खऱ्या फोनला किती रुपये पडले आणि पुढच्या महिन्यात कुठली जाहिरात बंद करायची, हे सांगणारे थोडे. कॉमर्सची मुलगी इथं मागं पडत नाही. पोस्ट लिहायची साधी कामं तर आता एआयची साधनं मिनिटात करतात. त्यामुळं तेवढंच येणाऱ्याचं कठीण आहे.

मराठी माध्यमाचं तुम्ही कमीपणानं लिहिलंय. सीमाभागात राहून हे लिहावं याचं मला वाईट वाटलं. आपल्याकडच्या दुकानाची पाटी, कुंदा या मिठाईचा खोका, शहापूरच्या साडीची पिशवी, हे सगळं दोन-तीन भाषांत करावं लागतं. कर्नाटकातल्या २०२४ च्या दुरुस्तीनं व्यापारी पाट्यांवर ६० टक्के कन्नड असणं बंधनकारक केलंय. मराठी गिऱ्हाइकाला हाक मारायची तर उरलेल्या जागेत नेमकं लिहिता यायला हवं. बेंगळुरूहून इंग्रजीचं शब्दशः भाषांतर करून आलेला मजकूर इथल्या वाचकाला लगेच परका वाटतो. छापखान्यात श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मराठी किंवा नुडीतला कन्नड मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांत, नेताना जोडाक्षरं फुटतात, आणि दोन्ही लिप्या वाचणारं कुणी नसेल तर तसाच दहा हजार पत्रकांवर छापला जातो. तुमची मुलगी शाळेत कन्नड शिकलीय. ते पक्कं करावं. इंग्रजी मात्र वाढवावंच लागेल, कारण अहवाल आणि साधनं इंग्रजीत असतात. रोज एक अहवाल वाचून त्याचा पाच ओळींचा सारांश इंग्रजीत लिहिणं एवढा सराव सहा महिने पुरे.

परीक्षांचं थोडक्यात: पदवीनंतर एमबीएसाठी कर्नाटकाची प्रवेश परीक्षा पीजीसीईटी, जाहिरात आणि संवाद याच विषयासाठी अहमदाबादच्या माइका या संस्थेची माइकॅट. घाई नाही. "शंभर टक्के नोकरी" म्हणणाऱ्या डिजिटल मार्केटिंगच्या क्लासला मोठी फी भरू नका. भरायचीच तर आधी विचारा: खऱ्या पैशांचं जाहिरातीचं खातं विद्यार्थ्याच्या हातात देता का? उत्तर नाही आलं तर उठून या. गुगलच्या स्किलशॉप या वेबसाइटवर अभ्यास आणि जाहिरातींची प्रमाणपत्र परीक्षा मोफत आहे. प्रमाणपत्र एक वर्ष चालतं.

त्याऐवजी माझी सूचना वेगळीच आहे. तुमच्या मशीन शॉपचं काम तीन महिन्यांसाठी मुलीला द्या. उपकार म्हणून नको आणि घरचं आहे म्हणून फुकटही नको. त्या एजन्सीला महिन्याला १५,००० देत होतात, तिला त्याचा तिसरा हिस्सा तरी द्या आणि काय करायचं ते कागदावर लिहून दोघांनी सही करा. आठवड्याचे आठ तास, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी.

पहिल्या महिन्यात जाहिरात नाही. तिनं शॉपमध्ये येऊन फोरमनला विचारत एक पान तयार करायचं: व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) किती, सीएनसी लेथ (संगणकावर चालणारं लेथ) किती, जास्तीत जास्त किती लांबी-व्यासाचा आणि वजनाचा जॉब, कुठलं कास्टिंग, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, तपासणीला काय उपकरणं, नमुना किती दिवसांत. सोबत जॉबचे फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून, चांगल्या उजेडात. हेच पान वेबसाइटवर आणि गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवर (गुगलवर शोधल्यावर दिसणारी धंद्याची नोंद). तुमच्या प्रोफाइलवर वेळा, फोन आणि धंद्याचा प्रकार बरोबर आहे का, हे पहिल्याच दिवशी बघावं.

दुसऱ्या महिन्यापासून गुगल सर्चवर रोज ३०० रुपये. महिन्याचे फार तर ९,००० च्या आसपास, जीएसटी धरून सुमारे १०,६२०. जाहिरात सोमवार ते शनिवार, नऊ ते सहा, म्हणजे फोन उचलायला कुणी असेल तेव्हाच. जागेच्या सेटिंगमध्ये गिऱ्हाइकांची गावं निवडून 'त्या गावात रस असलेले' हा पर्याय काढून 'त्या गावात असलेले' एवढाच ठेवावा, नाहीतर पैसे देशभर सांडतात. आणि नको असलेल्या शब्दांची यादी आधी भरावी: जॉब, सॅलरी, ऑपरेटर, आयटीआय, ट्रेनिंग. व्हीएमसी शोधणाऱ्यांत नोकरी शोधणारी मुलं पुष्कळ, शिवाय वडोदरा महानगरपालिकेलाही व्हीएमसीच म्हणतात. पुण्यात बसून तिथली घरपट्टी भरायला निघालेला माणूस तुमच्या जाहिरातीवर टिचकी मारेल आणि पैसे तुमचे जातील. लोकांनी खरोखर काय शोधलं याचा अहवाल दर दोन दिवसांनी बघून यादी वाढवत जावी लागते. हे कंटाळवाणं काम आहे. ते ती मन लावून करते का, यावरून तिची आवड खरी की नाही ते कळेल.

जाहिरातीचं खातं तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलनं उघडा. आधीच्या एजन्सीनं फेसबुक पेज स्वतःच्या लॉगिनवर काढलं असेल तर ते आधी मागून घ्या.

शॉपमध्ये एक वही ठेवा: तारीख, फोन कुठून, काय हवं, ड्रॉइंग आलं का, भाव कधी दिला, पुढं काय. फोन तासाभरात उलटा करायचा, ही जबाबदारी तुमची. तीन महिन्यांत ऑर्डर आली पाहिजे असा हट्ट धरू नका. नमुना, तपासणी, मंजुरी यात तेवढा वेळ जातोच. ड्रॉइंगसह भाव मागणारे किती आले, हे मोजा. मुलीचं काम त्यावर तोला.

फाउंडेशनचा पुढचा फॉर्म भरायचा की नाही, हे तिनं ठरवावं. आणि या उत्तरावर तिला काही विचारायचं असेल तर तिनं स्वतःच्या हातानं लिहावं, तुमच्यामार्फत नको.