आयोगाने फाइल बंद केली म्हणून

अनेक आशीर्वाद.

तुरुंगात मारहाण झालेल्या त्या बंदिवानाच्या तक्रारीवर मानवाधिकार आयोगाने दिलेल्या आदेशाची प्रत वाचली. सरकारच्या अहवालावर तक्रारदाराने मुदतीत म्हणणं मांडलं नाही, सबब प्रकरण नस्तीबद्ध, म्हणजे बंद. तू चिडली आहेस, आणि चिडण्यासारखंच आहे. पण उच्च न्यायालयाचा विचार करण्याआधी एवढं शोधून काढ: म्हणणं मागणारं आयोगाचं पत्र त्याच्या हातात पडलं का?

तूच लिहिलं आहेस की मधल्या काळात त्याला दुसऱ्या कारागृहात हलवलं. आयोगाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असणार. ते पुढे पाठवलं का, त्याला कुणी वाचून दाखवलं का, इंग्रजी अहवालातलं त्याला काय कळलं, त्याची सही कशावर घेतली, यातलं आयोगाला काही ठाऊक असल्याचं आदेशातून तरी दिसत नाही. कारागृह विभागाचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. तिथे आणि दोन्ही कारागृहांत माहिती अधिकाराचे अर्ज टाक. बदलीची तारीख माग, टपालाच्या आवक-जावक नोंदी माग. त्याची औषधं अजून बंद असतील तर त्याबद्दल वेगळा अर्ज कर आणि जीविताचा प्रश्न असल्याने ४८ तासांत माहिती हवी, असं त्यात स्पष्ट लिही.

मग मुलाखतीला जा. ज्या विभागाच्या माणसांविरुद्ध तक्रार आहे त्याच विभागाच्या हातून त्याला जेवण, औषध आणि मुलाखत मिळते, हे डोक्यात ठेवून बोल. पत्र मिळूनही तो भीतीने गप्प बसला असेल, तर ते पहिल्या भेटीत सांगणार नाही. शेजारी कुणी उभं असेल तर मुळीच नाही. घाई करू नकोस. त्याच्या आईलाही विचार. तो जवळ होता तेव्हा ती हडपसरहून भेटायला जायची, आता तेवढ्या लांब तिला जमत नसेल. सगळं समजून घेऊनही तो ‘राहू दे, ताई’ म्हणाला, तर थांब. परिणाम त्याला भोगायचे आहेत, तेव्हा निर्णयही त्याचाच.

तो तयार असेल तर प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती कर. नवी तक्रार नको, कारण घटनेला वर्ष उलटलं की १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याचं कलम ३६ आडवं येतं. विनंतीअर्जाचा कणा कलम १७ असू दे. सरकारचा अहवाल मुदतीत आला नाही, तर आयोग स्वतः चौकशी पुढे नेऊ शकतो. अहवाल आला, तर पुढे चौकशीची गरज नाही किंवा योग्य कारवाई सुरू झाली आहे, असं समाधान झाल्यावर थांबू शकतो. म्हणजे समाधान व्हायचं ते अहवालाने. बंदिवानाच्या न आलेल्या उत्तराने ते कसं होईल? अहवालात मारहाणीच्या दिवसाची वैद्यकीय नोंदच नाही. ती उणीव त्याने उत्तर दिलं असतं तरी होती आणि नाही दिलं तरी आहे. हा मुद्दा पहिल्या पानावर घे.

सुनील बत्रा प्रकरणाचा १९७९ च्या डिसेंबरातला निकाल पुन्हा वाच. तिहारमधल्या या कैद्याने वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा छळ केल्याचं पत्र सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लिहिलं आणि न्यायालयाने तीच याचिका मानली. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवाव्यात, त्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या आदेशाखाली असाव्यात, असं त्या निकालात आहे. तक्रार एकट्या तुरुंग प्रशासनाच्या हातून जाऊ नये, ही काळजी तेव्हाच घेतली गेली होती. म्हणून अर्जाची एक प्रत तो आता ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या सत्र न्यायाधीशांना आणि विधी सेवा प्राधिकरणालाही दे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्या जिल्ह्यातला वकील तुझ्यापेक्षा लवकर त्याच्यापर्यंत पोचेल. कुणाशी बोलायचं ते शिवाजीनगर कोर्टातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात विचार.

आणि यापुढे कुठल्याही तक्रारीत पत्रव्यवहारासाठी तुझा पत्ता घालत जा. पीडिताच्या वतीने कुणालाही तक्रार करता येते, तेव्हा उत्तरं तुझ्याकडे यायला अडचण नाही. मुदत पुरणार नसेल तर ती संपायच्या आत वाढवून माग, दोन ओळींचं पत्र पुरतं.

माहिती अधिकाराचे अर्ज उद्याच टाक. विनंतीअर्जाचा मसुदा मात्र त्याला भेटून आल्यावरच लिही आणि मला पाठव.

तुझी,
ताई